चढले, उतरले, पुन्हा चढले: सटन युनायटेडची सव्वाशे वर्षांची चटपटीत सफर

आर्सेनल, लिव्हरपूल, मँचेस्टर युनायटेड ही नावं आपल्याकडच्या शाळकरी मुलांनाही पाठ असतात. पण इंग्लंडच्या फुटबॉलमध्ये वरच्या चार विभागांत मिळून क्लब आहेत फक्त ९२. त्यांच्या खाली थरांवर थर रचलेले शेकडो क्लब आहेत, आणि त्या साऱ्या दुनियेला म्हणतात ‘नॉन-लीग’. तिथले बरेचसे खेळाडू दिवसा नोकरी-धंदा सांभाळतात, संध्याकाळी सराव करतात आणि शनिवारी सामना खेळतात.

दक्षिण लंडनमधला सटन युनायटेड याच दुनियेत वाढला. त्याच्या हंगामवार नोंदी वाचायला बसलं की आधी नुसते आकडे दिसतात: कधी पहिला, कधी तळाला, कधी वर, कधी खाली. पण एकेका आकड्याचं कारण शोधत गेलं की इंग्लिश फुटबॉलचा अख्खा इतिहास हाती लागतो. त्यातल्याच या खास नोंदी.

दोनाचा एक झाला

५ मार्च १८९८. सटनमधल्या ‘रॉबिन हूड’ हॉटेलात बैठक भरली. सटन गिल्ड रोव्हर्स आणि सटन असोसिएशन हे गावातले दोन क्लब एकत्र आले आणि सटन युनायटेडचा जन्म झाला. तेव्हा सटन हे सरे परगण्यातलं गाव होतं. पुढे लंडन पसरत गेलं आणि १९६५ मध्ये सटन हा लंडनचाच एक बरो, म्हणजे प्रशासकीय विभाग झाला. क्लब १९१२ मध्ये गँडर ग्रीन लेनवर आला, तो आजही तिथेच आहे. पिवळसर अंबर आणि चॉकलेटी हे त्याचे रंगही जुने आणि जिव्हाळ्याचे.

पहिले आले, तरी जागच्या जागी!

१९२१ मध्ये सटननं अथेनियन लीगमध्ये प्रवेश केला आणि १९२७-२८, १९४५-४६ आणि १९५७-५८ असे तीन हंगाम जिंकले. बढती मात्र एकदाही मिळाली नाही. कारण बढती नावाची सोयच नव्हती! हौशी खेळाडूंच्या लीग वेगळ्या, व्यावसायिकांची फुटबॉल लीग वेगळी, आणि दोघांना जोडणारी शिडी कुणी बांधलीच नव्हती. विजेता क्लब पुढच्या वर्षी पुन्हा त्याच लीगमध्ये खेळायचा. जुन्या नोंदींत एखादा क्लब वर्षानुवर्षं एकाच लीगमध्ये दिसला, तर तो कमकुवत होता असं समजण्याची घाई करू नये.

बक्षीस? सन्मान हेच बक्षीस!

१९६३ मध्ये सटन इस्थमियन लीगमध्ये गेला. १९०५ साली सुरू झालेली ही लीग हौशी फुटबॉलचा बालेकिल्ला होती. सन्मान पुरेसा आहे, असं तिचं लॅटिन ब्रीदवाक्य. ते शब्दशः पाळलंही जायचं, कारण सुरुवातीला विजेत्यांना ना करंडक मिळायचा, ना पदकं. सटननं १९६६-६७ मध्ये ही लीग जिंकली. तेव्हा प्रशिक्षक होते सिड कॅन, म्हणजे साउदॅम्प्टनसारख्या व्यावसायिक क्लबची धुरा वाहिलेला माणूस. क्लबच्या इतिहासातल्या पहिल्या मोठ्या कालखंडाचं श्रेय त्यांना जातं.

वेम्बलीची वारी चार वेळा

लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर अंतिम सामना खेळणं हे प्रत्येक इंग्लिश खेळाडूचं स्वप्न. सटनच्या नोंदींत असे चार दिवस आहेत, आणि चारही पराभवाचे.

१९६३ मध्ये एफए अमॅच्युअर कपच्या अंतिम सामन्यात विम्बल्डननं ४-२ असं हरवलं. विम्बल्डनचे चारही गोल एडी रेनॉल्ड्स या एकाच खेळाडूनं केले, आणि चारही डोक्यानं! १९६९ मध्ये याच स्पर्धेच्या अंतिम सामन्यात नॉर्थ शील्ड्सनं २-१ अशी मात केली. १९८१ मध्ये एफए ट्रॉफीच्या अंतिम सामन्यात बिशप्स स्टॉर्टफर्डनं अगदी शेवटी गोल करून १-० असा निकाल लावला. आणि २०२२ मध्ये ईएफएल ट्रॉफीच्या अंतिम सामन्यात सटन २-१ असा पुढे होता, भरपाईची वेळ सुरू होती, तेवढ्यात रॉदरहॅमनं बरोबरी साधली आणि जादा वेळेत सामना ४-२ असा जिंकला. करंडक एकही नाही, पण तीन वेगवेगळ्या स्पर्धांत आणि सहा दशकांच्या अंतरात चारदा तिथवर पोचणं ही मोठीच कमाई आहे.

लीड्सशी ४७ वर्षांचा हिशेब

२४ जानेवारी १९७०. एफए कप या लहान-मोठ्या क्लबांच्या बाद स्पर्धेची चौथी फेरी. गँडर ग्रीन लेनवर पाहुणा म्हणून आला लीड्स युनायटेड, म्हणजे त्या वेळचा इंग्लंडचा लीग विजेता. मैदानात १४,००० प्रेक्षक दाटीवाटीनं उभे होते. हा या मैदानाचा आजवरचा विक्रम. निकाल ०-६. ॲलन क्लार्कनं चार आणि पीटर लॉरिमरनं दोन गोल केले.

२९ जानेवारी २०१७. तीच स्पर्धा, तीच चौथी फेरी, तेच मैदान, तोच पाहुणा. दुसऱ्या सत्रात सटनला पेनल्टी मिळाली. कर्णधार जेमी कॉलिन्सनं ती जाळ्यात धाडली आणि सटननं १-० असा सामना जिंकला. लीड्स तेव्हा सटनपेक्षा तीन विभाग वर खेळत होता.

इटलीत जाऊन कप आणला

सटनच्या नोंदींतली सगळ्यात अनपेक्षित ओळ १९७९ सालची आहे: अँग्लो-इटालियन कपचे विजेते! इंग्लंड आणि इटलीतल्या क्लबांची ही स्पर्धा १९७६ ते १९८६ या काळात निमव्यावसायिक संघांसाठी भरायची. सटननं अंतिम सामन्यात इटलीच्या किएती संघाला २-१ असं नमवलं. त्या अकरा वर्षांत दहा वेळा कप इटलीकडेच राहिला. त्या काळात तो जिंकणारा एकमेव इंग्लिश क्लब म्हणजे सटन. वेम्बलीवर नशिबानं साथ दिली नाही, पण परदेशात दिली.

७८१ आणि २७९

हे दोन आकडे सटनच्या चाहत्यांना विचारून बघा, झोपेतही सांगतील. लॅरी प्रिचर्ड क्लबसाठी खेळले ७८१ सामने. पॉल मॅककिनन यांनी केले २७९ गोल. वरच्या विभागात नाव झालेला खेळाडू दोन-तीन हंगामांत मोठ्या पैशांसाठी दुसरीकडे जातो. नॉन-लीगमध्ये मात्र माणूस जवळच राहतो, जवळच काम करतो आणि वर्षानुवर्षं एकाच जर्सीत दिसतो. ७८१ या आकड्यात गुणवत्ता आहेच, त्याहून जास्त निष्ठा आहे.

शिडी बांधली गेली

१९७४ मध्ये फुटबॉल असोसिएशननं हौशी आणि व्यावसायिक हा भेदच काढून टाकला. १९७९ मध्ये नॉन-लीगच्या माथ्यावर देशव्यापी अलायन्स प्रीमियर लीग उभी राहिली. तीच पुढे ‘कॉन्फरन्स’ झाली आणि आज ‘नॅशनल लीग’ म्हणून ओळखली जाते. तरीही वरचं दार बंदच होतं. फुटबॉल लीगमध्ये कुणाला घ्यायचं हे मतदानानं ठरायचं आणि मतं असायची आत बसलेल्या क्लबांकडे! अखेर १९८७ पासून विजेत्याला थेट बढती मिळू लागली. २००३ पासून वर जाणाऱ्या क्लबांची संख्या दोन झाली.

सटननं १९८४-८५ आणि १९८५-८६ असे लागोपाठ दोन हंगाम इस्थमियन लीग जिंकली आणि १९८६ मध्ये कॉन्फरन्समध्ये पाऊल ठेवलं. शिडी पूर्ण होत असतानाच क्लब तिच्या वरच्या पायरीजवळ पोचला होता.

सराव परीक्षा

१९८९ चा चमत्कार (तो पुढे येतोच आहे) आभाळातून पडला नव्हता. आदल्याच, म्हणजे १९८७-८८ च्या हंगामात सटननं एफए कपात ऑल्डरशॉट आणि पीटरबरो या दोन लीग क्लबांना घरी पाठवलं होतं. तिसऱ्या फेरीत मिडल्सबरोला बरोबरीत रोखलं आणि पुनर्सामन्यात जादा वेळेत जेमतेम एका गोलानं हार पत्करली. आपण मोठ्यांशी दोन हात करू शकतो, याची खात्री संघाला तिथेच पटली होती.

७ जानेवारी १९८९: गवंडी जिंकला

समोर कॉव्हेंट्री सिटी. इंग्लंडच्या सर्वोच्च विभागातला क्लब, आणि दीडच वर्षापूर्वी, १९८७ मध्ये एफए कप उंचावलेला. सटनचे प्रशिक्षक बॅरी विल्यम्स हे इंग्रजीचे शिक्षक. तोंडात पाइप, आणि सामन्याच्या पुस्तिकेत किपलिंगसारख्या कवींच्या ओळी! हेच विल्यम्स पुढे १९९१ मध्ये इंग्लंडच्या महिला संघाचेही प्रशिक्षक झाले.

मध्यंतराआधी कॉर्नरवर कर्णधार टोनी रेन्सनं हेडर मारला, १-०. मध्यंतरानंतर डेव्हिड फिलिप्सनं कॉव्हेंट्रीला बरोबरी साधून दिली. आता पाहुण्यांची गाडी सुटणार असं वाटत असतानाच सटननं छोटा कॉर्नर घेतला, चेंडू गोलसमोर आला आणि मॅथ्यू हॅनलननं तो हवेतच पायावर घेऊन जाळ्यात मारला. हॅनलनचा रोजचा धंदा गवंडीकाम. सामना २-१ असा संपला. मिकी स्टीफन्स, फिल डॉसन, गोलरक्षक ट्रेव्हर रॉफी ही नावंही त्या दिवशी देशभर पोचली.

पुढच्याच फेरीत ०-८, तरी विक्रम २४ वर्षं टिकला

चौथ्या फेरीत सटन नॉर्विचला गेला आणि ०-८ असा हरला. माल्कम ॲलननं चार, रॉबर्ट फ्लेकनं तीन गोल केले. पण या निकालानं आधीच्या पराक्रमाला धक्का लागला नाही. त्यानंतर सर्वोच्च विभागातल्या क्लबला हरवणारा पुढचा नॉन-लीग संघ मिळायला थेट २०१३ साल उजाडावं लागलं. तेव्हा ल्यूटन टाउननं एफए कपात ही किमया केली. आणि हरलेला क्लब कोणता? नॉर्विच सिटी! सटनला आठ गोलांनी हरवणाराच क्लब ही २४ वर्षांची प्रतीक्षा संपवणाऱ्या सामन्यात हरला. कादंबरीत कुणी असं लिहिलं असतं तर वाचकांनी विश्वास ठेवला नसता.

वर-खाली, वर-खाली

कॉव्हेंट्रीवरच्या विजयानंतर अवघ्या दोन वर्षांनी, १९९१ मध्ये सटन कॉन्फरन्समधून खाली घसरला. १९९९ मध्ये इस्थमियन लीग जिंकून पुन्हा वर आला. २००० मध्ये तळाशी राहून पुन्हा खाली! २००४ मध्ये कॉन्फरन्सच्या खालोखाल नव्यानं निघालेल्या कॉन्फरन्स साउथमध्ये स्थान मिळालं, २००८ मध्ये तिथूनही तळाला जाऊन घसरण झाली. या ओळी वाचताना मन खट्टू होतं. पण नॉन-लीगमध्ये एक चांगला गोलकर्ता गेला, एक आधारस्तंभ जखमी झाला किंवा तिजोरीत खडखडाट झाला की अख्खा हंगाम हातचा जातो. घसरण झाल्यावर क्लब मोडून न पडणं हीच खरी कसोटी असते, आणि सटन त्या प्रत्येक कसोटीला उतरला.

डॉसवेल आले, हिरवळ बदलली

२००८ मध्ये पॉल डॉसवेल प्रशिक्षक म्हणून आले. ते स्वतः उद्योजक, आणि क्लबकडून पगार न घेता काम करणारे. २०११ मध्ये इस्थमियन लीग जिंकली, २०१६ मध्ये नॅशनल लीग साउथ (पूर्वीची कॉन्फरन्स साउथ) जिंकली आणि सटन पुन्हा पाचव्या स्तरावर पोचला.

मधे २०१५ मध्ये एक धाडसी निर्णय झाला. नैसर्गिक गवत काढून ‘थ्री-जी’ कृत्रिम मैदान बसवण्यात आलं. खऱ्या गवतावर आठवड्याला मोजकेच सामने होतात, पावसात तेही रद्द होतात. कृत्रिम मैदानावर सकाळपासून रात्रीपर्यंत शाळेची मुलं, मुलींचे संघ, स्थानिक क्लब असे सगळे खेळू शकतात, आणि भाड्यातून क्लबला नियमित उत्पन्न मिळतं. छोट्या क्लबला जगवण्याचा हा मार्ग अतिशय शहाणपणाचा होता.

१०५ पायऱ्या खालून आर्सेनलला आमंत्रण

२०१६-१७ च्या एफए कपात सटननं चेल्टनमला २-१ असं हरवलं, एएफसी विम्बल्डनला पुनर्सामन्यात त्यांच्याच मैदानावर ३-१ असं नमवलं, मग लीड्सला. त्याच हंगामात लिंकन सिटीही पाचव्या फेरीत पोचला. आधुनिक काळात शेवटच्या १६ संघांत दोन नॉन-लीग क्लब असण्याची ही पहिलीच वेळ.

२० फेब्रुवारी २०१७ च्या रात्री गँडर ग्रीन लेनवर आर्सेनल उतरला. दोन्ही क्लबांमध्ये अंतर होतं १०५ स्थानांचं. लुकास पेरेझनं पहिला गोल केला, दुसरा थिओ वॉलकॉटनं, आणि तो त्याचा आर्सेनलसाठीचा शंभरावा गोल होता. सटनच्या रोरी डीकननं मारलेला जबरदस्त फटका क्रॉसबारवर आदळला. हा डीकन लहानपणी आर्सेनलच्याच अकादमीत शिकला होता! निकाल ०-२, पण लढत देखणी झाली.

त्याच रात्री सटनचा ४५ वर्षांचा राखीव गोलरक्षक बाकावर बसून ‘पाय’ (सारण भरलेला इंग्लिश खाद्यपदार्थ) खाताना टीव्हीवर दिसला. एका बेटिंग कंपनीनं नेमकी त्यावरच पैज देऊ केली होती. त्याला क्लब सोडावा लागला, पुढे ३७५ पौंड दंड आणि दोन महिन्यांची बंदीही झाली. जगभर त्या पायचीच चर्चा झाली, याचं वाईट वाटतं. लक्षात ठेवण्यासारखा होता तो डीकनचा फटका.

१२३ वर्षांनी उघडलेलं दार

२०१७-१८ मध्ये सटननं नॅशनल लीगमध्ये तिसरा क्रमांक मिळवला, पण बढतीच्या दुसऱ्या जागेसाठीच्या प्ले-ऑफच्या उपांत्य फेरीत बोरहॅम वूडनं रोखलं. २०१९ मध्ये मॅट ग्रे प्रशिक्षक झाले. करोनानं ग्रासलेल्या २०२०-२१ च्या हंगामात अनेक सामने रिकाम्या स्टँडसमोर खेळावे लागले, तरी सटनची घोडदौड थांबली नाही. २३ मे २०२१ रोजी हार्टलपूलला ३-० असं हरवून विजेतेपद पक्कं झालं. स्थापनेनंतर तब्बल १२३ वर्षांनी सटन पहिल्यांदाच इंग्लंडच्या ९२ क्लबांत दाखल झाला.

बढतीची किंमत: उखडलेलं मैदान

वर गेल्यावर नियम आडवा आला. वरच्या चार विभागांत कृत्रिम मैदान चालत नाही. ज्या मैदानानं क्लबला पैसा आणि बळ दिलं, तेच उखडून पुन्हा खरं गवत लावावं लागलं. त्यामुळे हंगामाच्या सुरुवातीचे सामने परक्या मैदानांवर खेळावे लागले. हा नियम बदलायला हवा, असं माझं ठाम मत आहे. एफए कपात जे मैदान आर्सेनलला चाललं, ते चौथ्या विभागाच्या, म्हणजे लीग टूच्या सामन्याला चालू नये याला काय अर्थ आहे?

एका गुणानं हुकलं

लीग टूमधल्या पहिल्याच हंगामात, २०२१-२२ मध्ये, सटन ७६ गुणांसह आठवा आला. सातव्या क्रमांकाच्या मॅन्सफील्डकडे ७७ गुण होते आणि प्ले-ऑफचं शेवटचं तिकीट त्यांना मिळालं. एक गुण! पुढच्या हंगामात चौदावा क्रमांक आला. २०२३-२४ मध्ये मात्र गाडी रुळावरून घसरली. शेवटच्या दिवशी मिल्टन कीन्स डॉन्सविरुद्ध ४-४ अशी थरारक बरोबरी झाली, पण ती पुरली नाही. तेविसाव्या स्थानावरचा सटन नॅशनल लीगमध्ये परतला.

यातही एक योगायोग आहे. ७ ऑगस्ट २०२१ रोजी लीग टूमधला सटनचा पहिला सामना होता फॉरेस्ट ग्रीन रोव्हर्सशी. त्यानंतर फॉरेस्ट ग्रीन एक पायरी वर चढला, लगेच खाली उतरला, आणि २०२४ मध्ये चोविसाव्या स्थानावर राहून सटनच्याच सोबतीनं नॉन-लीगमध्ये आला.

एका नजरेत सटन

- स्थापना: १८९८, गँडर ग्रीन लेनवर १९१२ पासून
- अथेनियन लीग विजेते: १९२८, १९४६, १९५८
- इस्थमियन लीग विजेते: १९६७, १९८५, १९८६, १९९९, २०११
- अँग्लो-इटालियन कप: १९७९
- नॅशनल लीग साउथ विजेते: २०१६
- नॅशनल लीग विजेते: २०२१
- लीग टूमधले हंगाम: तीन (२०२१ ते २०२४)
- वेम्बलीवरचे अंतिम सामने: चार

सटनच्या नोंदींत श्रीमंत मालकाची जादू नाही की करंडकांनी भरलेलं कपाट नाही. आहे ती सव्वाशे वर्षं एकाच गावाला धरून राहण्याची चिकाटी, आणि खेळाच्या रचनेनं अडवलं तरी दार ठोठावत राहण्याची जिद्द. म्हणून वाचकहो, एक करून बघा. दर जानेवारीत एफए कपची तिसरी फेरी होते. त्याच फेरीपासून बडे क्लब स्पर्धेत उतरतात. यंदा त्या फेरीतला एखादा नॉन-लीग क्लब निवडा, त्याचे मागचे हंगाम वाचा आणि मग सामना बघा. प्रीमियर लीगचे चाहते असलात तरी त्या दिवशी तुम्ही त्या छोट्या क्लबच्या बाजूनं ओरडाल, याची मला खात्री आहे.